एकतीस झडपा

सोमवार, ३

यान नापास झालं.

दिग्दर्शक आज स्टुडिओत आले, खुर्चीत बसले, स्क्रीनवर आमचं अंतराळयान दोन पूर्ण फेऱ्या फिरताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही साबणाची डबी आहे." मग चहा न पिता गेले. ते खोलीतही काळा चष्मा काढत नाहीत म्हणून आम्ही आपसात त्यांना गॉगल म्हणतो. साबणाची डबी गॉगलमधूनही ओळखू येत असेल तर प्रकरण गंभीर आहे.

यानाचा आकार ताईने केला आहे. ताई म्हणजे माझी बहीण नव्हे. ती समोरच्या टेबलावर बसते, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी आहे, आणि पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हणालो तेव्हा "मॅडम मेली, ताई म्हण" असं तिने सांगितलं. आकाराबद्दल गॉगलची तक्रार नाही. तक्रार कातडीबद्दल आहे, आणि कातडी माझी. पत्र्याचा रंग, चमक, मळ, ओरखडे, पोचे, थोडक्यात यानाचं जे जे वरवरचं आहे ते सगळं मी करतो. त्याला टेक्स्चर म्हणतात. सिनेमातलं यान तीनशे वर्षं जुनं आहे. माझं कालच खोक्यातून काढल्यासारखं दिसतं.

गॉगल गेल्यावर मालकांनी मला बोलावलं. मालकांना सगळं उद्याच हवं असतं, म्हणून त्यांचं नाव उद्याच. ते म्हणाले की गॉगल पुन्हा एकवीस तारखेला येणार आहेत आणि माझी तीन महिन्यांची चाचणीची मुदत एकतीसला संपते. दोन्ही तारखा त्यांनी एका श्वासात सांगितल्या, म्हणजे मला संबंध जोडायला त्रास पडू नये.

मुदत संपली आणि कायम झालो नाही, तर बाबांची शेड आहेच. बाबा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. तिथे मी चार वर्षं पॉलिश पेपर घासला आहे, तळहातावरची आयुष्यरेषा बरीचशी तिथेच गेली. त्याआधी दहावीत दोनदा गणिताने मला सोडलं आणि तिसऱ्यांदा मी त्याला सोडलं. संगणक मी फोटो काढणाऱ्याच्या दुकानात शिकलो, लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसत. सांगायचा मुद्दा असा की माझा आजवरचा सगळा अनुभव डाग काढण्याचा आहे. पाडण्याचा नाही.

घरी मी सांगितलं आहे की नोकरी पक्की आहे. हे वाक्य दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नाही. बाकी आहे.

बुधवार, ५

दोन दिवसांत चारशे बारा ओरखडे पाडले. एकाच ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून यानाचे चौकोन पाडून घेतले आणि प्रत्येक चौकोनात चार ओरखडे दिले. यादी करून खुणा केल्या. एकही चौकोन उपाशी राहिला नाही.

उद्याच पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "याला देवी आल्यात का?"

मी ओरखड्यांचं वाटप कसं समान आहे ते समजावायला लागलो. ते ऐकत होते की मोबाइल बघत होते ते कळलं नाही. ताईने नंतर सांगितलं की दुष्काळी मदत वाटतोस तसे ओरखडे वाटले आहेस.

गुरुवार, ६

काल जेवताना आईने विचारलं की ऑफिसात सध्या काय चाललंय. मी म्हणालो, ओरखडे पाडतोय. बाबांचा घास हातातच राहिला. कशावर, असं त्यांनी विचारलं. यानावर. मुद्दाम? हो, मुद्दाम. आणि त्याचा पगार देतात? हो.

बाबा बराच वेळ चावत राहिले. मग आईकडे बघून म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांचे ओरखडे बुजवले. पोरगा पगार घेऊन पाडतोय. एका घरात दोन्ही धंदे, बरंच झालं."

मला वाटतं त्यांना वाईट वाटलं. हात धुऊन ते लगेच शेडमध्ये गेले आणि बराच वेळ पत्रे हलवल्याचा आवाज येत होता. राग आला की ते असंच करतात. निदान यापुढे करतील असं दिसतंय.

शनिवार, ८

एक नवी कल्पना सुचली आणि दोन दिवस फुकट गेले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी बस पडून आहे. तिच्या खिडक्यांखाली गंजाचे सुंदर ओघळ आहेत, लांब आणि खाली बारीक होत जाणारे. मी तसेच ओघळ यानाच्या प्रत्येक खिडकीखाली उतरवले. एकूण छप्पन्न खिडक्या. प्रत्येक ओघळ वेगळा केला, कारण देवीच्या प्रकारातून मी शिकलो आहे.

ताई चहा घेऊन आली, स्क्रीन बघितली आणि एवढंच विचारलं, की अंतराळात पाऊस कुठून आला.

मी म्हणालो, दमट हवा असेल. ती म्हणाली, हवा कुठून आली. मग तिने आणखी विचारलं की ओघळ खालीच का गेलेत, तिथे खाली म्हणजे कुठे. हा शेवटचा प्रश्न तिने विचारायला नको होता. मी संध्याकाळपर्यंत त्यावर विचार करत होतो आणि बसस्टॉपवर उभा असताना थोडं गरगरलं.

छप्पन्नच्या छप्पन्न ओघळ काढले.

बुधवार, १२

बाबांचा व्यवस्थितपणा गेला आहे. हे काळजीचं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

शेडमध्ये प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. आता गेले पाच-सहा दिवस घराच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत भंगार पडलेलं आहे. परवा एक बॉनेट होतं, उन्हाने रंग उडालेलं. काल मालट्रकचं मडगार्ड. आज एक आख्खा दरवाजा, कडीसकट, भिंतीला टेकवून ठेवलेला, तोही असा की उजेड तिरका पडावा आणि माझा पाय अडखळावा. सगळं माझ्याच येण्याजाण्याच्या वाटेवर. दूधवाल्याची गाडी रंगवून द्यायची आहे ती तशीच उभी आहे.

आईला विचारलं, बाबांना बरं नाही का. ती हसली आणि म्हणाली, तू आधी डोळ्यांना पाणी लाव. माझे डोळे ठीक आहेत.

पण अडखळलोच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून दरवाजासमोर उकिडवा बसून मी त्याचे फोटो काढले. बाबा बादली घेऊन जात होते. थांबले नाहीत. जाता जाता म्हणाले, "हात कुठे लागतो ते बघ. हात लागतो तिथे रंग जातो. लागत नाही तिथे मळ बसतो."

एवढं बोलायला वेळ आहे, पण दरवाजा जागेवर ठेवायला नाही.

गुरुवार, १३

कडीभोवती रंग बोटांच्या आकाराने गेला आहे. कोपऱ्यात, जिथे कापड पोचत नाही, तिथे मळाची काळी रेघ आहे. मधला मोठा भाग जवळजवळ नवा. म्हणजे चारशे बारा ओरखड्यांची गरजच नव्हती. पन्नास पुरतील, पण प्रत्येकाला कारण हवं.

म्हणून आज यानात कोण राहतं त्याची यादी केली. सहा माणसं. स्वयंपाकी डावखुरा. यंत्रं सांभाळणारा आळशी, शिडीच्या पायऱ्या एक सोडून एक चढणारा, त्यामुळे मधल्या पायऱ्या कोऱ्या. एकजण रागाने दार पायाने लोटतो. त्याचं कारण अजून ठरलं नाही, पण बहुधा स्वयंपाकीच.

कप्तानाच्या दारावरची झीज खाली का आहे, असं ताईने विचारलं. मी सांगितलं, कप्तान बुटका आहे. तिने आठवण करून दिली की गॉगलने त्या भूमिकेला सव्वासहा फुटी नट घेतलाय. मी क्षणभर घाबरलो. मग म्हणालो, आधीचा कप्तान. तीनशे वर्षांत बदलत असतीलच की.

ताई उठली. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि बराच वेळ बघत राहिली. काहीतरी चुकलं असेल असं वाटून मी तीनदा विचारलं.

मंगळवार, १८

बाजू झाल्या, दारं झाली. पोट राहिलं आहे. यानाचं पोट म्हणजे नुसता लांबलचक सपाट पत्रा, तिथे कोणाचा हात लागत नाही. हाताने रंगवायला बसलो तर वीस दिवस लागतील, आणि आहेत तीन.

सकाळी शेडच्या मागच्या बाजूला गेलो. तिथल्या पत्र्यावर बाबा स्प्रे गन तपासून बघतात, तीस वर्षांचे फवारे एकावर एक बसलेत. राखाडी, त्यावर करडा, त्यावर कुठेतरी निळा, त्यावर धूर. असा पत्रा पैसे देऊन मिळणार नाही. फोटो काढला, दोन्ही कडा एकमेकींना जुळतील असा तयार केला आणि पोटावर फरशीसारखा एकापुढे एक लावत गेलो. एकतीस वेळा.

एकच गोष्ट एकतीस वेळा आली की डोळ्याला कळतं, म्हणून ठळक फवारे प्रत्येक ठिकाणी वेगळे केले. एका कोपऱ्यात जोड मारल्यासारखं लांबट ठिगळ होतं, तेवढं राहू दिलं. त्याच्या कडा जरा उजळ केल्या, म्हणजे मुद्दाम बसवलेलं वाटेल. फार छान दिसतंय. हे मी सहसा लिहीत नाही.

शुक्रवार, २१

पास. यान पास.

गॉगलने चष्मा कपाळावर चढवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा डोळे दिसले. साधेच आहेत. ते यानाभोवती चार फेऱ्या फिरले, म्हणजे यान फिरलं आणि ते बसून होते, आणि म्हणाले की यात माणसं राहून गेलीत असं वाटतं. उद्याच म्हणाले की त्यामागे आमचं खूप संशोधन आहे. 'आमचं' म्हणताना त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मग गॉगलने पोटाकडे बोट दाखवलं. ही लांब रांग कशाची आहे, हे फार आवडलं मला. उद्याचना माहीत नव्हतं, पण न सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, थंडाव्याच्या झडपा. गॉगल म्हणाले, सुरेख, कॅमेरा इथून अगदी जवळून नेऊ, शत्रू या झडपांवरच हल्ला करेल. हे कोणाला सुचलं? उद्याच म्हणाले की आमच्याकडे पृष्ठभागाचे एक सल्लागार आहेत, तीस वर्षांचा अनुभव. गॉगलनी त्यांना भेटायची इच्छा दाखवली. येत्या शुक्रवारी.

ते गेल्यावर मी ठिगळ मोठं करून पाहिलं.

त्याला चार पाय आहेत. प्रत्येक पायाला पाच बोटं. शेपूट आहे. ती पाल आहे. पत्र्याच्या रंगाची, पत्र्याला चिकटलेली, फोटो काढताना मी दिसलो तरी न हललेली पाल, आणि तिच्या कडा मी उजळ केल्या आहेत. यानाच्या पोटावर ती एकतीस वेळा आहे. यानाच्या मापाने प्रत्येक पाल चौदा मीटर भरते.

सोमवार, २४

काढली तर गॉगलची झडप जाते आणि ते विचारतील का काढली. ठेवली तर कॅमेरा जवळून जाणार आणि बोटं दिसणार. शनिवार-रविवार मी दोन्ही बाजूंनी कागदावर कारणं लिहिली. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ झाली.

आज ताईला दाखवलं. तिने वाकून पाहिलं, पाचव्या बोटाशी आली आणि तोंडातला चहा कीबोर्डवर गेला. हसता हसता तिने टेबलाला धरलं. मग डोळे पुसून म्हणाली की ती गुपचूप पालींच्या जागी खऱ्या झडपा बनवून बसवते, कोणाला कळणार नाही. पण तसं केलं आणि उघडकीला आलं तर तिच्यावरही येईल. तिला घरी एक मुलगी आहे, तिचीही फी असेल. मी नको म्हणालो. ती म्हणाली, मग उद्याचना सांग.

सांगितलं. उद्याच म्हणाले, पाल कुठे आहे? मी दाखवली. ते म्हणाले, मला झडप दिसते. मग सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करत म्हणाले, "आणि तुलाही एकतीस तारखेपर्यंत झडपच दिसते."

मंगळवार, २५

सल्लागार हवेत. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस शुक्रवारपर्यंत कुठून आणायचा यावर उद्याच दोन तास विचार करत होते. मग त्यांनी मला विचारलं की तुझे वडील काय करतात म्हणालास?

गुरुवार, २७

बाबांना सांगितलं. ऑफिसात यायचं, चांगला शर्ट घालायचा, यान बघायचं आणि 'छान आहे' म्हणायचं. बाकी काही नाही. दोन शब्द. त्यांनी विचारलं की छान नसलं तर? मी म्हणालो, तरी छान आहे. ते म्हणाले, बघू.

'बघू' हा शब्द मला अजिबात आवडलेला नाही. गिऱ्हाईक म्हणतं रंग उद्या द्या, तेव्हा बाबा बघू म्हणतात, आणि रंग वाळेपर्यंत देत नाहीत.

शुक्रवार, २८

क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. उद्याचनी "आमचे पृष्ठभाग सल्लागार" अशी ओळख करून दिली. बाबांनी मागे वळून पाहिलं, कोणी आलंय का म्हणून. त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. कामावर ते कुठेच बसत नाहीत, पँटला रंग असतो ही सवय. यान फिरायला लागलं. एक फेरी, दुसरी, तिसरी. मी मागे उभा राहून मनातल्या मनात छान आहे, छान आहे असं म्हणत होतो, जणू ते त्यांच्या तोंडातून निघेल.

पोट समोर आलं तेव्हा बाबांनी हात वर केला आणि थांबवायला सांगितलं. हे काय आहे, असं विचारलं. उद्याच म्हणाले, झडपा.

"पाल आहे ती," बाबा म्हणाले. "आमच्या शेडच्या मागच्या पत्र्यावर असते. पण ती एकच आहे. इथे फार झाल्यात."

ताईने तोंडावर फाइल धरली. उद्याच प्रतीक या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य बोलायला लागले, जुन्या संस्कृती वगैरे, आणि गॉगलनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनच्या जवळ तोंड नेलं. ते बोटं मोजत होते.

मला वाटतं बाबांना ओरडा बसेल या भीतीने मी पुढे झालो. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "फोटो मी काढला. मला पाल दिसली नाही. मी तिच्या कडा उजळ केल्या."

इथे थांबायला हवं होतं. पण एकदा सुरू झालं की मला थांबता येत नाही. मी सांगितलं की झडपा म्हणणं खोटं होतं आणि हे मला गेल्या शुक्रवारपासून माहीत आहे. की चारशे बारा ओरखडे मी चौकोन पाडून दिले होते. की मी दहावी नापास आहे. की माझी नोकरी पक्की नाही, येत्या सोमवारी मुदत संपते, आणि घरी मी तीन महिने खोटं बोलतोय. हे शेवटचं बोलून झाल्यावर लक्षात आलं की घर शेजारीच उभं आहे.

बाबा स्क्रीनकडेच बघत होते. "ते माहीत आहे," म्हणाले. "पक्की नोकरीवाला माणूस सकाळी असा पळत नाही."

गॉगल स्क्रीनपासून मागे सरले. मग त्यांनी उद्याचकडे न बघता बाबांना विचारलं, "पाली सोडून बाकी कसं आहे?"

बाबा पुढे झाले. पॅनेल तयार झालं की नाही हे ते कधी डोळ्यांनी ठरवत नाहीत. डोळे मिटतात आणि तळहात फिरवतात, कुठे उंचवटा लागतो ते बघायला. इथे सगळ्यांसमोर त्यांनी तेच केलं. स्क्रीनवर तळहात ठेवला आणि यानाच्या नाकापासून दारापर्यंत हळूहळू नेला. दारावर थांबले. परत थोडे मागे गेले. मी सांगणार होतो की बाबा, ती काच आहे, तिला हात लावू नका.

डोळे उघडून म्हणाले, "पाली काढा. बाकी पत्रा आहे."

गॉगल म्हणाले की पाली काढा, पण झडपा मला हव्यात, त्यांच्यावर मी अख्खा प्रसंग लिहिलाय. त्यावर ताईने फाइल खाली ठेवली, कारण एकतीस झडपा आता तिलाच बनवायच्या आहेत. मग गॉगल उठले आणि दाराशी जाऊन उद्याचना म्हणाले की पुढची दोन यानंही याच मुलाला द्या. सल्लागारांची ओळख त्यांनी पुन्हा करून घेतली, या वेळी खरी. त्यांच्या गाडीच्या दाराला पोचा आहे. सोमवारी शेडवर आणतायत.

शनिवार, २९

उद्याचनी सकाळी बोलावलं. पालीबद्दल अर्धा तास ऐकवलं, मग तुला कायम करतोय म्हणाले, मग पुन्हा पालीबद्दल. पत्र सोमवारी मिळेल. पाली मात्र आजच गेल्या पाहिजेत.

दुपारी दोनपर्यंत एकतीसच्या एकतीस काढल्या. दोनदा मोजलं. स्क्रीनवर बाबांच्या हाताचा लांब तेलकट पट्टा उमटला होता, तो घालवायला वेगळी पंधरा मिनिटं गेली.

घरी आईने विचारलं की काल नक्की काय काय झालं, तुझे बाबा काहीच सांगत नाहीत. मी सगळं सांगितलं. बाकी पत्रा आहे, इथे आल्यावर पोळी लाटणारा तिचा हात थांबला. तिने विचारलं, "पत्रा म्हणाले? स्वतः?" मी हो म्हणालो. ती बाहेर गेली, अंगणात बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि दोघं दूधवाल्याच्या गाडीकडे बघत राहिली. ती गाडी अजूनही रंगवलेली नाही.

नोकरी मिळाली, तक्रार नाही. पण एवढे मोठे दिग्दर्शक समोर बसलेत, तीन आठवडे मी जीव ओतलाय, आणि सल्लागार म्हणून बोलायचं तर सरळ पत्रा काय म्हणायचं. धातू तरी म्हणायचं.